घुम्याने धुतलेला रोल

घुम्याच्या फोटो स्टुडिओत त्या दिवशी मी असं काही तोंड सोडलं की समोरचा इस्त्रीवाला काम टाकून दारात येऊन उभा राहिला. ऐकू दे मेल्याला. बारक्या माझा पाठचा भाऊ, त्याला जाऊन महिना झाला होता, आणि त्याचा शेवटचा रोल या शहाण्याने धुताना घालवला होता.

"औषध जुनं झालेलं, ताई," घुम्या खाली मान घालून म्हणाला. "चूक माझी."

"चूक म्हणे! चाळीस वर्षं दुसरं केलंयस काय तू? आणि नेमका माझ्या भावाचा रोल सापडला तुला?"

घुम्या हा बारक्याचा शाळेपासूनचा दोस्त. जिथे दोन शब्द लागतात तिथे अर्ध्यात भागवतो, म्हणून घुम्या. बारक्याने उन्हातान्हात फोटो काढत हिंडायचं आणि याने अंधाऱ्या खोलीत ते धुवायचे, असा दोघांचा संसार चालला. मी चिडले की एरवी तो आत पळून जातो. त्या दिवशी गेला नाही, समोरच उभा राहिला.

त्या रोलमध्ये आमची जुनी गल्ली होती. रस्ता रुंद करायला ती पाडणार हे कळल्यावर बारक्याने हट्टच धरला. फुप्फुसं कामातून गेलेली, नाकात नळी, मांडीवर ऑक्सिजनची बाटली, आणि गडी म्हणतो, "ताई, गल्लीत ने मला. एक रोल काढू दे, मग काय व्हायचं ते होऊ दे."

मी म्हटलं, नेते, पण शेवटचा फोटो मी काढणार, तुझा. कारण या माणसाचा घरात एक धड फोटो नव्हता. अख्ख्या गावाची लग्नं काढली, बारशी काढली, स्वतः कायम कॅमेऱ्यामागे. आजारी पडल्यापासून तर कुणी फोन समोर धरला की तोंड फिरवायचा. ओळखपत्रावरचा तेवढा एक होता, त्यात तो चोरासारखा दिसतो. मला माझ्या भावाचा चेहरा हवा होता. एवढंच हवं होतं.

कबूल झाला. निघताना रोल भरायला बसला तर बोटं लटलट कापत होती. खाली टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. मी कॅमेरा ओढूनच घेतला. "आण इकडे. पस्तीस वर्षं शिलाई मशीनमध्ये दोरा ओवतेय मी, मला नको शिकवूस." फिल्मचं टोक पलीकडच्या चक्रीत खोचलं, झाकण दाबलं, चला.

गल्ली अर्धी रिकामी झाली होती. उखडलेल्या फरशांवरून त्याची चाकाची खुर्ची ढकलताना माझा जीव निघत होता आणि साहेब हुकूम सोडत होते, "डावीकडे. मागे. जरा थांब, सावली येऊ दे." किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीचा फोटो काढला, टपरीत आता मांजर राहतं. वडील ज्या खिडकीशी घड्याळं दुरुस्त करायला बसत ती काढली. आमच्या खोलीच्या दारात एक बाई साबणाच्या हातांनी उभी होती. तिला मी म्हटलं, बाई गं, या उंबऱ्यावर याचे पुढचे दोन दात पडलेत. ती हसली, तो हसला, हसताना त्याला खोकला आला, आणि खोकता खोकता त्याने तिचाही फोटो काढला. जिन्यावर मला बसवलं, नळापाशी उभं केलं. मी नुसती हसत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसत होते.

छत्तीस झाल्यावर मी म्हटलं, "आता माझी पाळी." त्याने माझ्यासाठी फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढून दिला. मग पुन्हा एकदा ओढला. जरा वेळ हातातल्या कॅमेऱ्याकडे बघत बसला, आणि माझ्या हातात दिला. नऊ दिवसांनी गेला. गल्लीही पंधरवड्यात सपाट झाली.

तर, स्टुडिओत. घुम्याच्या हातातली धुतलेल्या फिल्मची पट्टी मी हिसकावली आणि खिडकीशी धरली. नितळ कोरी, कुठे डाग नाही. पण कडेला आकडे होते, एकपासून छत्तीसपर्यंत, ठळक, काळेभोर.

"घुम्या, औषध खराब होतं ना? मग हे आकडे कसे उमटले?"

बारक्याच्या बहिणीला एवढं कळतं. कडेचे आकडे कारखान्यातूनच येतात, आणि औषध चांगलं असेल तरच दिसतात. म्हणजे धुण्यात काही चुकलं नव्हतं. रोल जागचा हललाच नव्हता. माझ्या हातांनी चक्रीत खोचलेलं टोक पहिल्याच खटक्याला सुटलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

घुम्या स्टुलावर बसला. मग आयुष्यात पहिल्यांदा सलग बोलला.

"त्याच संध्याकाळी फोन आला त्याचा. म्हणाला, छत्तीस झाल्यावर खटका अडायला हवा होता, अडला नाही. तेव्हा कळलं त्याला. म्हणाला, रोल ताईने भरलाय, तिला आयुष्यभर लागेल. तू आपलं औषध खराब होतं म्हणून सांग, शिव्या तू खा."

"म्हणजे माझ्या हातात कॅमेरा देताना त्याला माहीत होतं?"

घुम्याने मान डोलावली.

त्या वेळी बारक्याने काय काय केलं होतं ते सगळं डोळ्यांसमोर आलं. नाकातली नळी काढून बाटलीमागे लपवली होती. थुंकी लावून केस बसवले होते. शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि श्वास पुरत नसताना ताठ बसून माझ्याकडे बघत राहिला, कॅमेऱ्यातून मला नीट दिसेपर्यंत. "सावकाश काढ, ताई. हलवू नकोस," म्हणाला होता. आत काही उमटणार नाही हे माहीत असताना.

मी घुम्याचे हात धरले आणि ओरडले, त्याच्यावर नाही, पण ऐकायला तोच होता. "अरे गाढवा, सांगायचंस ना मला! रडले असते, कपाळ बडवून घेतलं असतं, दोन मिनिटं. झाकण उघडून टोक परत खोचलं असतं. अख्खा रोल शिल्लक होता रे. गल्ली गेली तर जाऊ दे, तुझा एक तरी आला असता."