क्षमापाशी बसणारी

आता खोटं कशाला बोलायचं, प्रणोती रणपिसेसारखी प्रार्थना त्या अख्ख्या चर्चमध्ये कुणाला येत नव्हती. माइक हातात घेतला, डोळे मिटले की मराठीतून सुरू व्हायची, मध्येच हिंदीत शिरायची, आणि आमेनपर्यंत पुढच्या बाकांवरच्या बायकांचे पदर डोळ्यांना लागलेले असायचे. तिच्यानंतर उपदेशाला उठायचं म्हणजे पाळकसाहेबांनाही घसा खाकरून घ्यावा लागे. पोरगी चोवीस वर्षांची, तरुण संघाची सेक्रेटरी, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, हिचं वर थेट बोलणं चालू असतं. वर कुणी ऐकत होतं की नाही ते देवालाच माहीत. ती स्वतः मात्र ऐकत नव्हती.

पूर्वी असं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिचे बाबा हॉस्पिटलात होते, तेव्हा ही डोक्यावर पिवळी ओढणी घेऊन त्यांच्या उशाशी बसून राहायची. जीव तोडून मागितलं तिनं. घसा बसला, आवाज फुटेना, तरी ओठ हलत होते. बाबा गेले. त्यांच्या जागी आईला खमरियाच्या सरकारी फॅक्टरीत अनुकंपेवर नोकरी लागली, त्यामुळे क्वार्टर राहिलं, रोजचं जेवणखाण राहिलं, रविवारचं चर्चही राहिलं. पिवळी ओढणी धुऊन पेटीच्या तळाशी गेली. आणि तिच्यासोबत आणखी काय तळाशी गेलं, ते प्रणोतीनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? दुकान बंद झालं तरी पाटी कुणी काढत नाही, तशी तिची प्रार्थना सुरू होती.

संघाचा फोनवर ग्रुप होता. कुणाची आई पडली, कुणाचा पेपर आहे, कुणाचं लग्न जमत नाही. प्रणोती सिग्नलला स्कूटी थांबली की वाचायची आणि अंगठ्यानं लिहून टाकायची, ‘प्रार्थना करून राहिले.’ पुढे जोडलेल्या हातांचं चित्र. सिग्नल सुटला की विसरली. तिला एकटीला कशाला नावं ठेवायची, ग्रुपवरचे सगळेच लिहायचे. फरक एवढाच की हिच्या लिहिण्यावर लोक विश्वास ठेवायचे.

मग क्षमा आजारी पडली. क्षमा म्हणजे शैलजाकाकूंची एकुलती लेक. रविवारच्या शाळेपासून या दोघी एका बाकावर, एका छत्रीत. क्षमाच्या हृदयाची एक झडप लहानपणापासून खराब होती, ती आता अगदीच काम करेना. हॉस्पिटलात भरती केलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करायला पाहिजे. आणि क्षमा नाही म्हणून बसली. आईचं ऐकेना, पाळकसाहेबांचं ऐकेना. भीतीनं तिचा जीव अर्धा झाला होता. प्रणोतीनं रोज ग्रुपवर लिहिलं, ‘क्षमासाठी प्रार्थना करून राहिले.’ गेली मात्र एकदाही नाही. गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला होती, तिथे सुट्टी देत नाहीत म्हणाली. खरं हे की हॉस्पिटलातला फिनाइलचा वास आठवला तरी ती स्कूटी दुसऱ्या रस्त्यानं घालायची.

महिन्यातून एकदा मराठी उपासना असते. या हिंदी मुलखात आता मराठी घरं उरलीच किती, पंधरा-वीस माणसं जमतात. त्या रविवारी साक्ष द्यायची वेळ झाली, आणि शैलजाकाकू उठल्या. ज्याला देवाचे आभार मानायचे असतात तो असा उठून सगळ्यांसमोर बोलतो, ही जुनी रीत. काकू बाकाला धरून उभ्या होत्या. हॉस्पिटलातल्या जागरणांनी चेहरा ओढला होता.

‘‘देवाचे उपकार मानते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि या प्रणोतीचे. माझी पोरगी कुणाचं ऐकत नाही. पण ही रोज संध्याकाळी येते, डोक्यावर पिवळी ओढणी घेते, तिचा हात धरते आणि प्रार्थना करत बसते. ती बसली की क्षमा झोपते. मलाही तेवढंच चहाला जाता येते.’’

स्टेजवर माइकपाशी बसलेली प्रणोती हसली. कुणाचं तरी दुसऱ्याचं सांगत असतील, काकूंची झोप नाही, गोंधळ होतो माणसाचा, असं तिला वाटलं.

‘‘काल हिनं क्षमाला वचन दिलं,’’ काकू पुढे म्हणाल्या. ‘‘म्हणाली, मंगळवारी मी खरी येते, मग तू ऑपरेशनला हो म्हण. क्षमानं कबूल केलं. डॉक्टर मंगळवारपर्यंतच थांबणार आहेत. तेव्हा सगळ्यांनी या पोरीसाठी प्रार्थना करा.’’

पाळकसाहेबांनी ‘हालेलुया’ म्हटलं, सगळ्यांनी म्हटलं. बायका माना वळवून कौतुकानं बघू लागल्या. तेवढ्यात बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं, काकू, मी नव्हते ती. मग पाळकसाहेबांनी तिच्या हातात माइक दिला, आणि लाज वाटते सांगायला, तिनं प्रार्थना केली. नेहमीसारखी सुंदर केली.

सोमवारी शोरूममध्ये तिनं पियूषला गाठलं. तो शेजारच्या काउंटरवर बसतो, गाड्यांच्या सर्व्हिसिंगचं बघतो.

‘‘पियूष, पिछले हफ्ते शाम को मैं कहीं बाहर गई थी क्या?’’

‘‘कहां जाओगी दीदी? चार से सात तो सांस लेने की फुर्सत नहीं थी. यहीं बैठी थीं.’’ मग त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. ‘‘हां, शनिवार को थोड़ी अजीब लग रही थीं. मैंने दो बार आवाज दी. आप सामने बैठी थीं, पर जैसे कोई था ही नहीं.’’

तो हसला आणि गिऱ्हाइकाकडे वळला. दिवसभर प्रणोती बिलं फाडत होती आणि समोरच्या काचेत आपला चेहरा जागेवर आहे ना ते बघत होती.

घरी आली तर आई पोळ्या लाटून राहिली होती. प्रणोती सरळ आतल्या खोलीत गेली आणि पेटी उघडली. वर रजया, खाली बाबांचे स्वेटर, त्याखाली ओढणी. दोन वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता. डांबरगोळ्यांचा वास यायला हवा होता. तिनं ओढणी नाकाशी धरली. फिनाइल. फिनाइल आणि हॉस्पिटलच्या त्या उकळलेल्या चादरी. आणि डोक्यावर येते त्या जागी, मधोमध, कापड दमट होतं.

‘‘आई, पेटी कुणी उघडली?’’

‘‘मी काहून उघडू? थंडी संपली तेव्हा रजया ठेवल्या, तेवढंच.’’ आई दारात आली. ‘‘काय झालं? पांढरी पडली तू.’’

‘‘काही नाही.’’

‘‘हॉस्पिटलात जाऊन राहिली म्हणे रोज. शैलजानं सांगितलं. मला बोलली नाहीस.’’ आईनं पिठाचा हात लेकीच्या गालाला लावला. ‘‘चांगलं करून राहिली. बाबांनंतर तू तिकडे पाऊल टाकशील असं मला वाटलं नव्हतं.’’

आता तिलाही काय सांगणार?

त्या रात्री ती पडल्या पडल्या विचार करत होती. ती दुसरी देवानं पाठवली असेल तर आनंद व्हायला पाहिजे. देवदूताच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या, रविवारच्या शाळेत चित्रं रंगवली. वाईट काही असेल तर ते कशाला आजारी पोरीचा हात धरून बसेल? म्हणजे भ्यायचं कारण नाही. तरी तिनं दिवा चालूच ठेवला होता. उजाडता उजाडता तिला कळलं की आपल्याला त्या दुसरीच्या वाईटपणाची भीती वाटतच नाहीये. ती आपल्याहून चांगली आहे, याची वाटते आहे. आपण बोललो ते सगळं ती करून राहिली. उद्या तिनं आपली आई मागितली, घर मागितलं, तर आपण कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

आणि ती म्हणाली होती, मंगळवारी खरी येते. म्हणजे कोण?

मंगळवारी प्रणोतीनं अर्धी रजा टाकली. कुणी नाही म्हटलं नाही, तिनं आजवर कधी मागूनच बघितली नव्हती. ओढणी तिनं घरीच ठेवली. हॉस्पिटलच्या जिन्यात तोच वास आला. परत फिरावं, ती दुसरी येईलच, तिला छान जमतं, असं मनात येऊन गेलं. कठड्याला धरून ती वर चढली. वॉर्डच्या दारात आया फरशी पुसत होती.

‘‘अरे दीदी, फिर आ गईं?’’ ती म्हणाली. ‘‘अभी तो अंदर गई थीं.’’

प्रणोती दारातच थिजली. मग आत गेली, कारण मागे फिरायलाही आता भीती वाटत होती.

खाटेजवळच्या स्टुलावर कुणी नव्हतं. काकू पलीकडे थर्मास धूत होत्या. क्षमा उशीत खोल गेली होती, ओठ निळसर, डोळे मिटलेले. प्रणोती स्टुलावर बसली. स्टूल उबदार होतं. तिनं क्षमाचा हात हातात घेतला, गळा साफ केला आणि सुरुवात केली. दयाळू पित्या, तुझ्या अपार प्रीतीसाठी, वगैरे. अगदी चर्चमधला आवाज.

क्षमानं हात काढून घेतला.

‘‘तू नको,’’ ती डोळे न उघडता म्हणाली. ‘‘ती येते ना, तिला पाठव.’’

‘‘क्षमा, मी प्रणोती.’’

‘‘माहीत आहे. तू माइकवाली. तू जा.’’

काकू थर्मास हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. बाहेर डॉक्टरांच्या बुटांचा आवाज जवळ येत होता. क्षमानं तोंड भिंतीकडे वळवलं. आज ही नाही म्हणाली तर पुन्हा विचारायला कुणी येणार नव्हतं, आणि हे खोलीतल्या तिघींनाही ठाऊक होतं.

प्रणोतीनं पुन्हा तोंड उघडलं. एक शब्द येईना. इतके सुंदर शब्द पाठ होते, सगळे कुठे पळाले कोण जाणे. मग जे आलं ते भलतंच आलं.

‘‘मला येत नाही गं,’’ ती म्हणाली. ‘‘मी तुझ्यासाठी एकदाही नाही केली. नुसतं लिहिलं. बाबा गेले तेव्हापासून कुणासाठीच नाही केली.’’ आवाज चिरकला, नाक वाहायला लागलं, ते तिनं बाहीनं पुसलं. मग क्षमाशी बोलता बोलता ती दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागली. ‘‘मागितलं होतं ना मी? किती मागितलं. तू ऐकलं नाहीस. मी रागावले आहे तुझ्यावर, अजून रागावले आहे. मला तुझ्याशी बोलायचंच नव्हतं. पण हिला नको नेऊ. ऐकून राहिला ना? हिला ठेव. माझ्यात काही नाही द्यायला, मी रिकामी आलेय. ठेव हिला.’’

आमेन म्हणायचंही तिला सुचलं नाही. ती खाटेच्या कडेवर कपाळ टेकून रडत राहिली, बाबा गेले त्या दिवशी रडायची राहून गेली होती तशी. किती वेळ गेला कळलं नाही. मग तिच्या डोक्यावर एक हात आला. अशक्त, हलका.

‘‘आई,’’ क्षमा म्हणाली, ‘‘डॉक्टरला हो म्हणून सांग. ती आली.’’

प्रणोतीनं दचकून मान वर केली आणि दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. मागे वळून खिडकीकडे बघितलं, तिथेही कुणी नव्हतं.

मग तिनं क्षमाकडे बघितलं. क्षमाचे डोळे उघडे होते, आणि ते प्रणोतीवर होते.