अमावास्येचा ठिपका

पाइनची सुई सोंगप्योनच्या, तांदळाच्या त्या उकडलेल्या करंजीच्या, पोटाला चिकटून आली होती... वाफेने मऊ पडलेली, टोक मात्र अजून ताठ. इन्सनने ती नखाने अलगद सोडवली, तेव्हा तांदळाच्या पांढऱ्या पारीवर एक बारीक आडवी रेघ उरली. ताऱ्याचा उजेड पट्ट्यासारखा पसरला की त्यातही अशाच रेघा दिसतात, काळ्या, आणि त्या किंचित इकडे, किंचित तिकडे सरकतात. सरकतात म्हणजे तारा हलतो. तारा हलतो म्हणजे त्याला जवळून कुणीतरी ओढतंय —

किंवा ओढत नाहीये. तेवढंच आज कळायचं होतं.

"बघत काय बसलीस? सारण भर," आई म्हणाली. "उद्या पितरांपुढे ठेवायचेत, तुझ्या दुर्बिणीपुढे नाही."

आई स्वयंपाकघराच्या मधोमध बसली होती, ऊबदार जमिनीवर, अंगाने भरलेली, आणि चाळण, परात, तिळाचं सारण, सगळं तिच्याभोवती. वहिनी तिच्या अगदी गुडघ्याशी. भाऊ मुलांना घेऊन पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापायला डोंगरावर गेला होता.

"वन्सं, तुम्ही आलात हेच खूप," वहिनी म्हणाली. "छुसॉकच्या सणाला तुम्हाला या घरात मी पहिल्यांदाच बघतेय."

"चंद्रानं सुट्टी दिली असेल," आई म्हणाली.

खोटं नव्हतं. छुसॉक पौर्णिमेला येतो, आणि वेधशाळेत पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री इन्सनच्या. अंधुक दीर्घिका बघणाऱ्यांना काळोख लागतो. तिचे तारे म्हातारे, फुगलेले, नारिंगी आणि ठळक, चांदण्याने त्यांचं काही बिघडत नाही. म्हणून उजेडाच्या रात्री तिला, काळ्या रात्री इतरांना, वर्षानुवर्षं... आणि घरी यायचं ते महिन्याच्या उरलेल्या दिवसांत, आडवारी, सकाळी येऊन संध्याकाळी परत.

त्यातल्याच एका ताऱ्याभोवती तिला ग्रह सापडला होता. एकतीस दिवसांत फेरी, इतका जवळ — तारा फुगला तेव्हा त्याने तो गिळायलाच हवा होता, तरीही होता. सगळा शोधनिबंध त्या 'तरीही'वर उभा होता. मग परीक्षकाचा एका ओळीचा प्रश्न आला: तुमची सगळी निरीक्षणं पौर्णिमेच्या आसपासची आहेत, मधल्या दिवसांत कधी पाहिलं का? ती दोन दिवस चिडून होती. तिसऱ्या दिवशी तांदूळ धुताना हात पाण्यातच थांबला. तारा स्वतःभोवती फिरतो, फार सावकाश, एका फेरीला पावणेदोन वर्षं. त्याच्या अंगावर डाग असले तर रेघा तेवढ्यानेही सरकतात. आणि महिन्यातून एकदाच, ठरल्या वेळी बघणाऱ्याला तो संथ फेरा एकतीस दिवसांच्या चपळ ग्रहासारखा दिसू शकतो. आलेखावर दोन्ही वक्र पौर्णिमेच्या त्याच ठिपक्यांतून जातात. वेगळे होतात ते मध्ये, अंधारात... जिथे मी कधी पाहिलंच नाही.

मग ती दीर्घिकावाल्या प्योंकडे गेली.

"तुझा तारा माझ्या आजीला चष्म्याशिवाय दिसेल," प्यो म्हणाले, "आणि त्याच्यासाठी माझी काळी रात्र मागतेस?"

"दोनच तास. आणि रेघा किती सरकल्या तो आकडाही तुम्हीच काढा. मी काढला तर मला हवा तसाच निघेल."

"सोंगप्योन आणशील? तिळाचे. मुगाचे नकोत."

अमावास्येला आकाश स्वच्छ होतं. प्योंनी वेध घेतला. पौर्णिमेचा आणखी एक ठिपका आता काहीच सांगणार नव्हता. म्हणून या खेपेच्या रात्री तिने सोडून दिल्या आणि बस पकडली.

"हे काय वळलंस?" आईने तिचा सोंगप्योन उचलून उजेडात धरला. "याला कडा कुठाय? असे वेडेवाकडे वळणारीला पोरगीही तशीच होते, ठाऊक आहे ना?"

"आधी नवरा तर होऊ दे, आई."

वहिनी हसली. "आई, माझेही सुरुवातीला असेच व्हायचे."

"तुझे अजूनही होतात," आई तिच्याकडे न बघताच म्हणाली, आणि सारणाचं भांडं वहिनीच्या डाव्या हाताशी सरकवलं.

वहिनी डावखुरी होती. इन्सनला हे माहीत नव्हतं — की माहीत होतं आणि कधी दिसलं नव्हतं? तिने मनाशी केव्हाच लिहून टाकलं होतं: आई कुणासाठी हलत नाही, त्या घरात वहिनी संपून गेली. आडवारच्या त्या भेटींवरून. आई पाहुणीसमोर बसायची तशी बसलेली, वहिनी चहा ठेवून आत गेलेली...

परातीशेजारी फोन उजळला. प्यो. *आकडा आलाय. सांगू?*

बोटांना पीठ होतं. तिने फोनला हात लावला नाही.

चाळणीतून वाफ फुटली तशी वहिनी उठायला लागली, गुडघ्यावर हात ठेवून. आणि तिचं वजन वर येण्याच्या क्षणी आईचा खांदा तिच्या बाजूला झुकला, बोटभर, बस्स. वहिनीचा तळहात त्यावर टेकला आणि सुटला. खांदा जागेवर गेला. "झाकण नीट धर, हात भाजशील," आई करवादली. दोघींपैकी कुणीच कुणाकडे पाहिलं नव्हतं.

हलली.

की मीच तसं बघितलं? एका ठिपक्यावरून वक्र काढत नाहीत. आज सण आहे, आज घर रोजच्यासारखं नाही... सवयीने ती स्वतःशी उलटतपासणी करत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की फोनवरचा आकडा बघायची आपल्याला घाई उरलेली नाही. ग्रह नसेल याची भीती होती तिला, निबंध मागे घ्यावा लागेल याची, लोक काय म्हणतील याची. ती गेली नव्हती. पण तिच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं, जवळजवळ कुतूहलासारखं: अंधारातल्या त्या मधल्या दिवसांत, आपण बघत नसताना, तिथे काय चालत असेल?

फोन पुन्हा उजळला. *झोपलीस की काय? सांगू का?*

पिठाच्याच बोटाने तिने लिहिलं, *सांगा,* आणि पडदा पांढरा झाला.

उत्तर यायचं होतं. पलीकडे वहिनी गरम चाळण घेऊन बसायला वळत होती, आणि इन्सनची नजर फोनवर नव्हती. ती आईच्या खांद्याकडे बघत होती.