अनितासाठी अंथरलेली ऊब

सौदी म्हटलं की लोकांना घामच आठवतो. ते कधी जानेवारीत हफ्र अल बातिनला आलेले नसतात. इथे पहाटे नळाखाली हात धरवत नाही. ही थंडी नसती तर मला कुणी बनवलंच नसतं. मी फरशीखालचा पाइप. माझ्यातून गरम पाणी फिरतं आणि वर चालणाऱ्यांच्या पायांना ऊब मिळते. निदान बेत तसा होता.

अबू राकान नावाच्या गृहस्थांच्या नव्या बंगल्यासाठी आम्ही वेटोळी होऊन आलो. माझी भावंडं दिवाणखान्यात गेली, झोपायच्या खोल्यांत गेली. मी उरलो, शेपटाएवढा. उरलेल्याची जागा कचऱ्याच्या गाडीत.

पण पाइप अंथरणाऱ्या ज्ञानेशने मला खांद्यावर घेतलं. हा देवरुखचा. लग्न झालं आणि मेंदीचा रंग उतरायच्या आत कामावर हजर. कंपनीच्या कॅम्पात बायकांना जागा नाही. म्हणून अबू राकाननी त्याला शब्द दिला होता, थंडीत बायकोला आण, फाटकाजवळची खोली तुमची.

"बाबा, ये बचा हुआ उस कमरे में डाल दूँ?" ज्ञानेशने विचारलं.

"चौकीदार का कमरा में हीटिंग?" अबू राकान हसले. "किसके लिए?"

"मदाम के लिए," ज्ञानेश म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

"यल्ला, डालो!"

बंगल्यात पाइप नकाशा बघून टाकले होते. या खोलीचा नकाशा व्हिडिओ कॉलवर होता, देवरुखला बायकोकडे, अनिताकडे.

"कपाट कुठे ठेवायचं?"

"अहो, मी अजून आले नाही आणि कपाट कसलं?"

"सांग गं. कपाटाखाली पाइप फुकट जातो."

"मग दाराशी. आणि मी खाली बसून भाजी चिरते, आधीच सांगते."

"तिथे दाट घालतो. देवाच्या कोपऱ्यात?"

"तिथे कशाला? त्याला समई आहे."

"माझी जागा?"

"माझ्यासमोर."

झालं. त्या दोन जागांवर ज्ञानेशने मला इतकं गच्च वळवलं की उरलेल्या खोलीला मी पुरलोच नाही. तिथे कुणी इंजिनिअर असता तर त्याने डोक्याला हात लावला असता. मला मात्र ते वळण आवडलं. मग माझ्यात पाण्याचा दाब भरून गळती तपासली, वर सिमेंट आलं, फरशी आली, आणि जग दिसेनासं झालं. ऐकू येत राहिलं.

थंडी लागताच ज्ञानेशने पाणी सोडलं. अनवाणी बसून त्याने फोन फरशीवर ठेवला. "लागतंय का?"

"वेडे आहात का? फोन तापेल." मग हळूच, "तुम्ही हात ठेवा. मी बघते."

त्याने तळहात ठेवला. त्याचा हात मला कळत होता. तिचं बघणंही कळत होतं, कसं ते मला विचारू नका.

अनिताचा व्हिसा आला त्याच आठवड्यात कंपनीने सगळ्या गड्यांना दूर समुद्रकाठी रास तनुराच्या रिफायनरीवर हलवलं.

"तिथे खोली?" अनिताने विचारलं.

"कॅम्प. एका खोलीत सहा जण."

"मग मी सातवी." ती हसली. तो हसला नाही. "बरं," ती म्हणाली, "बॅग रिकामी करते."

जाताना अबू राकान म्हणाले, "कमरा तुम्हारा ही है." ज्ञानेश "हाँ, बाबा" म्हणाला आणि आत येऊन त्याने माझा व्हॉल्व्ह बंद केला. रिकामी खोली कशाला तापवायची? माणूस हिशेबी. पण फरशीवरून हात मात्र लवकर उचलला नाही.

आता इथे गुंडाळलेले गालिचे आहेत. तिच्यासाठी अंथरलेली ऊब सामानाखाली पडून आहे. भिंतीपलीकडे भावंडांतून पाणी खळखळतं. माझ्यातलं पाणी उभंच आहे, गार.

अनिता, तुझा आवाज मला ठाऊक आहे, पावलं नाहीत. कारखान्यात म्हणत होते, हा पाइप पन्नास वर्षं टिकतो. मी थांबेन. सिमेंटात पुरलेल्याला थांबण्याचं काय एवढं? तुम्ही दोघं मात्र माझ्याइतकं थांबू नका.