टाइलला पडलेलं पहिलं भोक

आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला चहा मिळण्याआधी मागची खोली बघावी लागायची. हा नियम ह्यांचा. हे म्हणजे माझे यजमान, आत्माराम. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यापासून घरातल्या कुठल्याही स्क्रूला स्वस्थता नाही. पाहुण्याला खोलीच्या मध्ये उभं करायचं, ट्यूब लावायची आणि म्हणायचं, भिंतीला हात लावून बघा. पाहुणा बिचारा हात लावायचा. लादीपासून छतापर्यंत चारी भिंतींना पांढऱ्याशुभ्र, आरशासारख्या टाइल्स. एकीचाही सांधा वाकडा नाही.

टाइल्स कशाला, तर जांभ्याच्या भिंती पावसात ओल धरतात आणि गिलावा पोपडे टाकतो. ही खोली पूर्वी फक्त आंब्याच्या आढीची. चैत्र-वैशाखात तिच्यात पेंढ्यावर आंबा पिकत पडायचा, बाकी वर्षभर जुन्या बादल्या आणि घुशी. मग आमच्या संदेशचं लग्न झालं आणि चिपळूणची नम्रता सून म्हणून आली. ती शाळेत संगीत शिकवायची. ह्यांनी जाहीर केलं की गाणारी सून आल्येय, तिला गाण्याची खोली पाहिजे. कुणी मागितली नव्हती. गवंड्याला न बोलावता सगळ्या टाइल्स ह्यांनी स्वतःच्या हातांनी बसवल्या, गुडघे धरून धरून. बायकोला लग्नापासून कधी गजरा आणला नाही, पण सुनेला खोली बांधली. मला राग आला नाही, उलट ऊर भरून आला, हे इथेच सांगून टाकते.

पहिल्या गुरुवारी भजनी मंडळ त्या खोलीत बसलं. झांजेचा एक ठोका टाकला की भिंतीतून दुसरा परत यायचा, मृदंग तर चौघे वाजवतायत असं वाटायचं. धाकू आमचा जुना भजनी, त्याने डोळे मिटून सांगितलं की देवळाच्या गाभाऱ्यात बसल्यासारखं वाटतंय. ह्यांची छाती दोन इंच वर गेली. बाकीच्यांनीही माना डोलावल्या, मीसुद्धा डोलावली. नम्रता तेवढी भिंतींकडे बघत होती. नंतर स्वयंपाकघरात तिने मला हळूच विचारलं, आई, खोलीत काही गोधड्या वगैरे टांगल्या तर बाबांना चालेल का? मी म्हटलं, विचारूसुद्धा नको.

आता तिची अडचण सांगते. लग्नामुळे तिची शाळेतली नोकरी सुटली होती. संदेश मुंबईत दोन मित्रांबरोबर एका खोलीत राहतो, तिथे ही कुठे जाणार? म्हणून ती आमच्याकडे. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना घरबसल्या गाणं शिकवणारी पुण्याची एक संस्था आहे, तिथे तिने अर्ज केला. स्वतःच्या खोलीत बसून एक धडा शिकवायचा आणि त्याचं रेकॉर्डिंग पाठवायचं. निवड झाली तर ती इथे राहून काम करणार, नाही झाली तर मुंबईला जाऊन मिळेल ती नोकरी धरणार. तसं ती मला स्पष्ट बोलली होती. मला ती जायला नको होती. मुलगा तर गेलाच आहे, घरात ऐकू येणारं एवढं एक गाणं होतं, तेही जायचं?

रेकॉर्डिंग गेलं आणि उत्तर आलं. आवाज चांगला आहे, शिकवण्याची पद्धत चांगली आहे, पण खोली फार घुमते, शब्द एकमेकांत मिसळतात. खोली सुधारून मे महिना संपायच्या आत पुन्हा पाठवा. नम्रताने ते ह्यांना वाचून दाखवलं आणि भिंतीवर जाडजूड काही लावावं लागेल, चार-सहा ठिकाणी ड्रिल मारावं लागेल, असं फार जपून सांगितलं.

"टाइलला भोक? मी हाय तोपर्यंत नाय."

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण वळता वळता पुटपुटले, नाचता येईना अंगण वाकडं. आमच्या ह्यांचं पुटपुटणं डेपोत वाढलेलं आहे, ते इंजिनाच्या वरून ऐकू येतं. नम्रताला ऐकू गेलं. ती ताट घेऊन आत गेली. त्या रात्री ह्यांच्या पानात मी मासा वाढला नाही, नुसती कढी वाढली. का, ते त्यांनी विचारलं नाही, म्हणजे त्यांना कळलं होतं.

संदेशने मुंबईहून काळ्या फोमचे चौकोन पाठवले. भोक नको म्हणून ते दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीने टाइलवर लावले. समुद्राच्या हवेत आमच्याकडे पापड मऊ पडतो, तिथे पट्टी काय टिकणार? नम्रता गायला लागली की एकेक चौकोन पिकल्या फणसासारखा खाली येई. एक तर थेट हार्मोनियमवर पडला आणि तिने तोच सूर धरून पुढे गाऊन दाखवला. आम्ही दोघी हसलो, पण खोली घुमतच राहिली. फोम पातळ, त्याने मृदंगाचा खालचा घुमारा तर जराही हलला नाही.

तेवढ्यात एप्रिल लागला आणि आंबा उतरला. ह्यांनी हार्मोनियम उचलून ओटीवर ठेवली. गाणं थांबतं, आंबा थांबत नाही, असं म्हणून खोलीत पेंढा पसरायला घेतला. खरं तर टाइल्समुळे घुशींचा त्रास संपला होता, त्यामुळे या वर्षी आढी मोठी घातली. खाली पेंढ्याची जाड गादी, तिच्यावर आंबा, वर पुन्हा पेंढा. तीन भिंतींना बांबूच्या मांडण्या करून त्यांच्यावरही तसेच थर, पार छताजवळपर्यंत. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा. नम्रताने पदर खोचून पेंढ्याच्या पेंढ्या आत आणून दिल्या, पण तिचा चेहरा मला बघवत नव्हता. मे महिना जवळ येत होता आणि तिच्या खोलीत हापूस झोपला होता.

एका दुपारी आम्ही दोघी आंबे निवडायला बसलो. आढीतला आंबा रोज बघावा लागतो, पिकला तो बाहेर, डागी तो वेगळा. मला सवय आहे काम करताना बडबडायची. शेजारच्या गंगुबाईने माझ्या कालवणात कोकम जास्त पडतं असं म्हटलं होतं, त्यावर मी माझं म्हणणं मांडत होते, आणि नम्रता एकाएकी हातातला आंबा तसाच धरून माझ्याकडे बघायला लागली.

"आई, टाळी वाजवा."

मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं पोरीचं. तरी वाजवली. टाळी वाजली आणि तिथेच संपली. तिने स्वतः वाजवली, कोपऱ्यात जाऊन वाजवली, खाली वाकून वाजवली. कुठूनही काही परत आलं नाही. मग तिने सा लावला. एवढ्या दिवसांत मी तिचा आवाज ऐकत होते असं मला वाटत होतं, पण मी ऐकत होते तो तिचा आवाज अधिक चार भिंती. आता नुसता तिचाच आला. स्वच्छ, सरळ, जरा रुंद. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

पेंढा आवाज पितो, असं ती म्हणाली. जाड, भुसभुशीत, मध्ये हवा असलेला आणि भिंतीपासून थोडा सुटा. तिला भिंतीवर हवं होतं ते नेमकं हेच होतं. त्याच दुपारी तिने आंब्यांच्या मध्ये बसून धडा रेकॉर्ड केला. मी दाराबाहेर बसून गंगुबाईला हाताने थांबवून धरलं. मेच्या मध्यावर निवड झाल्याचं कळलं. संस्थेच्या बाईंनी फोनवर तिला विचारलं म्हणे, स्टुडिओ कुठला? मी गल्लीभर पेढे न वाटता आंबे वाटले, आणि प्रत्येकाला आधी तिचं नाव सांगितलं, मग आंबा दिला. ह्यांनीही तोंड भरून कौतुक केलं, पण बोलले ते आंब्याबद्दल. या वर्षीची आढी उतरलीच अशी, वगैरे.

वर्ग जूनमध्ये सुरू होणार होते आणि आंबा काही जूनपर्यंत राहत नाही. आढी संपली. पावसात पेंढ्याला बुरशी येते, म्हणून तो शेजारच्या गोठ्यात गेला. टाइल्स पुन्हा चकाकायला लागल्या आणि खोली पुन्हा गाभारा झाली. नम्रताने ह्यांना काहीही विचारलं नाही. एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा विचारणारी ती नाही, यातही मला तिचा अभिमानच वाटतो. तिने दोन खुर्च्यांवर माझ्या गोधड्या टाकून तंबू केला आणि त्यात बसून सराव सुरू केला. बाहेर पावसाआधीचा उकाडा. ती आतून बाहेर यायची तेव्हा केसांतून घाम ठिबकत असायचा.

एकदा हे दारात उभे राहून बराच वेळ ते गाणं ऐकत होते. मग तंबूतून ती लालबुंद तोंडाने बाहेर आली, तसे हे मागच्या दाराने गेले. संध्याकाळी आंब्याच्या खोक्यांच्या फळ्या घेऊन चौकटी ठोकायला बसले. किती जाड पाहिजे, भिंतीपासून किती सुट्या, एवढंच तिला विचारलं. काथ्या पावसात कुजत नाही, म्हणून जुन्या गादीतला सगळा काथ्या चौकटींत भरला. वरून माझ्या सुती साड्या शिवून ताणल्या, त्यात माझी एक आवडती निळीही गेली.

मग भोकाची वेळ आली. ह्यांनी टाइलवर चिकटपट्टीची फुली मारली, म्हणजे ड्रिल घसरत नाही. फुलीवर टोक टेकवलं आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता ठेवतात खाली.

"आंगणच वाकडा होता, बाय," ते भिंतीकडे बघतच म्हणाले आणि ड्रिल चालू केलं.

नम्रताने मागून शिडी धरली होती. ती खाली मान घालून रडत होती आणि तिच्या डोक्यावर टाइलची पांढरी पूड पडत होती.

वर्ग चालू आहेत. भजनी मंडळ आता ओटीवर बसतं. या खोलीत मृदंग कुणी उचलून नेल्यासारखा वाटतो, अशी धाकूची तक्रार आहे. पाहुण्याला अजूनही चहाआधी खोली बघावी लागते. हे त्याला मध्ये उभं करतात, टाळी वाजवायला लावतात, मग निळ्या साडीची चौकट खाली उतरवतात आणि म्हणतात, इथे बोट घालून बघा, हे भोक मी पाडलं.