घाम वाळत नाही त्या गावी

मी कूलर बोलतोय. एरवी मी तोंड उघडलं की नुसती घरघर ऐकू येते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, बंद करा ते. आज बटण बंद आहे, टाकी कोरडी आहे, म्हणून सावकाश बोलता येईल.

भिवंडीत, कामतघरच्या एका चाळीच्या गॅलरीत मी उभा आहे. डोक्यावर कांद्यांची टोपली, पोटात जुन्या चादरी. येणारे-जाणारे मला कपाट समजतात. त्यांचं काही चुकत नाही. इथल्या हवेत मी कपाटच आहे.

पण माझा जन्म खानदेशातला. अमळनेरच्या बाजारात एका पत्र्याच्या दुकानात मला जोडलं. पुढे पंखा, बाकी तीन बाजूंना गवत भरलेल्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी. लहानशी मोटर पाणी वर चढवते, ते गवतातून झिरपतं, आणि बाहेरची झळ त्या ओल्या गवतातून आत येता येता गार होते. माझी सारी विद्या एवढीच. मात्र त्यासाठी हवा तहानलेली लागते. जी हवा आधीच पाणी पिऊन बसली आहे, ती माझं पाणी कशाला घेईल?

मला सुकलाल आप्पांनी विकत घेतलं. घरी नेलं तेव्हा आखाजीची गडबड चालली होती. अक्षय्य तृतीयेला तिकडे आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि घरोघरी पितरांच्या नावानं पाण्याची घागर पुजतात. आप्पांच्या बायकोनं घागर पुजली आणि उरलेल्या कळशीनं माझी टाकी भरली. म्हणाली, हाही तहान भागवणाराच, याला पहिलं पाणी देवापुढचंच हवं. असं मानानं मला नंतर कुणी पाणी पाजलं नाही.

लोकांना पाऊस आवडतो, थंडी आवडते. वैशाखाचं नाव काढलं की सगळे कपाळाला आठ्या घालतात. मला मात्र वैशाखच आवडतो. आणि आप्पांच्या लेकीला, विनितालाही. धुतलेलं लुगडं दोरीवर टाकावं आणि पाठ फिरवून यावं तर वाळलेलं. गच्चीवर घातलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, दुपारपर्यंत कडकडीत. बाहेर रस्ता सुना, घरात अंधार केलेला, आणि माझ्यासमोर चटईवर पालथी पडून विनिता आईशी गप्पा मारतेय. त्या दुपारी मला वाटायचं, देवानं उन्हाळा केला तो माझ्यासाठीच.

विनिताचं लग्न भिवंडीच्या मनोजशी झालं. मनोज लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला ती माहेरी आली, तेव्हा तिची मान आणि पाठ घामोळ्यांनी लाल झाली होती. आप्पांनी ते पाहिलं. ती सासरी परतली आणि मागोमाग त्यांनी मला टेम्पोत चढवलं. बायको म्हणाली, अहो, नवा घेऊन पाठवा, तुम्ही उन्हाळ्यात काय कराल? आप्पा म्हणाले, लेक उकाड्यात लोळतेय आणि मी इथं गारव्यात झोपू?

असा मी घाट उतरून इकडे आलो.

विनिताच्या सासूबाई चंद्राबाई, उपासतापास करणाऱ्या, देवभोळ्या. त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं, माझ्यापुढे नारळ फोडला. शेजारच्या बाया बघायला आल्या. टाकी भरली, बटण दाबलं. मी जीव तोडून वारा घातला. आणि थोड्याच वेळात चादर दमट झाली, बरणीतलं मीठ पाझरलं, भिंतीला ओल आली. सासरे केसरीनाथ गुडघे चोळत म्हणाले, "ह्यो कूलर न्हाय, ढग हाय. व्याह्यांनी पेटीत भरून धाडलाय." सगळे हसले. विनितापण हसली, पण खाली बघून.

मनोजनं तिची समजूत घातली. इथली हवा ओली आहे म्हणून तर लूमवर सूत तुटत नाही, म्हणाला. अख्खी भिवंडी या ओलीवर जगते. तुझ्या बापाचा कूलर वाईट नाही, त्याचं गाव चुकलं.

मी ते मनात धरून ठेवलं. माझं गाव चुकलं.

संध्याकाळी आप्पांचा फोन आला. कूलर कसा चाललाय, त्यांनी विचारलं. विनितानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, एकदम मस्त, रात्री पांघरूण घ्यावं लागतं. चंद्राबाई चुलीशी... चुकलो, गॅसशी उभ्या होत्या. आजही माझ्या तोंडी जुनेच शब्द येतात. त्यांनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

मग दर उन्हाळ्यात हेच. तिकडून विचारणा, इकडून गारवा. मी मात्र गॅलरीत गेलो, आणि हळूहळू कांदे माझ्या डोक्यावर चढले.

या घरात प्रत्येकाचा एकेक महिना आहे. चंद्राबाईंना श्रावण लागतो, रोज काही ना काही व्रत असतं म्हणून. केसरीनाथांचा जीव भातशेतीचा, त्यांना आषाढाच्या चिखलाचा वास आला की बरं वाटतं. मनोजला पौष, कारण तेवढाच महिना तो शर्ट न पिळता घरी येतो. विनिताचा वैशाख कुणी विचारला नाही. आखाजी जवळ आली की ती बॅगेकडे बघायची आणि चंद्राबाई मायेनं म्हणायच्या, या आगीत कुठं जातेस बाय, ऊन लागंल. मग ती जायची नाही. तिची आई वारली तेव्हा भर पावसाळ्यात तेवढी जाऊन आली.

आई गेली आणि आप्पा एकटे पडले. गेल्या उन्हाळ्यात ते अंगणातच भोवळ येऊन पडले, शेजाऱ्यांनी उचललं. डॉक्टरांनी बजावलं, या वयात उन्हाळ्यात एकटं राहू नका. तेव्हापासून विनिताच्या जिवाला एकच घोर, आप्पांनी इथं येऊन राहावं. ते म्हणायचे, लेकीच्या दारात मुक्काम टाकणं बरं दिसत नाही. तिनं वज्रेश्वरीला नवस बोलला, आप्पा माझ्या घरी राहू देत, तुझी खणानारळानं ओटी भरीन.

आणि या चैत्रात आप्पा हो म्हणाले. का म्हणाले, तर तिथं आपला कूलर आहे, मला उन्हाळा कळायचा नाही.

विनितानं फोन ठेवला आणि तशीच गॅलरीत आली. कांदे उतरवले, चादरी काढल्या. मनोजकडून नवं गवत आणवलं, पंख्याला तेल घातलं. मला दोनदा पुसलं. आयुष्यात एकदा तरी मला या गावात गारवा देता यावा, असं मी मागितलं. कूलरचा देव कोणता ते मला ठाऊक नाही, म्हणून वज्रेश्वरीलाच मागितलं.

मनोज आप्पांना कल्याण स्टेशनवरून घेऊन आला. जेवणं झाली. आप्पा खांद्यावर टॉवेल टाकून माझ्यासमोर बसले. चंद्राबाई दाराशी वाल सोलत होत्या. विनितानं बटण दाबलं.

मी सुरू झालो. मोटर नीट चालली, पाणी नीट झिरपलं. आप्पांनी हात लांबवून माझ्या बाजूच्या जाळीतलं गवत चाचपलं. खानदेशातल्या माणसाला एवढं पुरतं. गवत होतं तसं निथळत होतं, हवेनं त्यातला थेंबही उचलला नव्हता. आप्पांनी हात टॉवेलला पुसला.

"गार शे, माय," ते लेकीला अहिराणीत म्हणाले.

"हो ना आप्पा. रोज असंच असतं."

दोघं बसून राहिले. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता, तिच्या मानेवरून ओघळत होता. मध्येच आप्पा म्हणायचे, बरं वाटलं. मध्येच ती विचारायची, जास्त गार तर वाटत नाही ना?

चंद्राबाईंनी वालाचं ताट बाजूला सारलं, उठल्या आणि माझं बटण बंद केलं.

"व्याहीबुवा, बस झाला. दोघंबी घामानं निथळताय, न दोघंबी गार गार म्हनताय. ही बाय फोनवर गार म्हनते, न फोन ठेवला का पदरानं वारा घेते. ह्या हवेत त्यो काय बी कामाचा न्हाय."

आप्पा हसू लागले, हसता हसता टॉवेल डोळ्यांना लावला. इतकी वर्षं मी तुझ्या आवाजावरून इथली हवा गार समजत होतो, म्हणाले. मग त्यांनी पुढे सांगितलं, "मला उन्हाचं भ्या नाही बेटा. तिथं घाम येतो तसा वाळतो. इथं वाळतच नाही. माणूस दिवसभर स्वतःलाच चिकटून बसतं." दोन दिवस राहून परत जातो, म्हणाले.

परत म्हणजे त्याच रिकाम्या घरात, त्याच उन्हात, एकटे. विनितानं डॉक्टरांची आठवण दिली, हात धरला. ते मान हलवत राहिले. तेव्हा ती सासूकडे वळली.

"आई, मी जाऊ का आप्पांबरोबर? पाऊस लागेपर्यंत."

"अगो, पन ऊन लागंल."

"लागतंच मला ऊन."

"लागतं तर जायाचं कशाला मंग?"

"तसं नाही आई. तुम्हाला श्रावण लागतो ना, तसं मला ते ऊन लागतं."

चंद्राबाई हळूच खाली बसल्या. म्हणाल्या, मी दरसाल तुला उन्हापासून वाचवत होते गं, आणि तू त्याच्यासाठीच झुरत होतीस. एका शब्दाचे दोन अर्थ आणि त्यात तुझ्या कितीतरी आखाज्या गेल्या.

मग बाकीचं त्यांनीच ठरवलं. विनितानं आखाजीच्या आधी जायचं, मृग लागला की यायचं. आप्पांनी मार्गशीर्षात इकडे यायचं, तिकडे थंडीनं टाचा फुटतात तेव्हा. इथं तेव्हा हवा मऊ असते. लेकीच्या दारात राहायचं नसेल तर व्याह्याच्या घरी राहा, असं केसरीनाथांनी आतून ओरडून सांगितलं. विनिता म्हणाली, पण माझा नवस? आप्पा उन्हाळ्यात राहिले नाहीत ना? चंद्राबाई म्हणाल्या, देवीला तू महिना सांगितला होतास का? नाही ना? मग ओटी भरायची.

मी ऐकत होतो. माझ्याही ध्यानात आलं. उन्हाळ्यात लेक तिकडे, हिवाळ्यात बाप इकडे. मी कुणाच्याच ऋतूत नाही.

निघताना मनोज म्हणाला, कूलर घेऊन जा आप्पा, तिथं कामाला येईल. माझा पत्रा न् पत्रा ताठ झाला. आप्पा म्हणाले, लेकीला दिलेली वस्तू परत नेत नाहीत. मनोजनं त्यांना तिकडे प्लास्टिकचा नवा कूलर घेऊन दिला. आप्पांनी जाताना माझ्यावरून हात फिरवला आणि टाकीतलं उरलेलं पाणी गॅलरीतल्या तुळशीला ओतलं. गवत वाळायला मात्र पुढे बरेच दिवस लागले.

आता वैशाख आहे. विनिता तिकडे आहे. कांदे पुन्हा माझ्या डोक्यावर आले आहेत.

दुपारी मनोज ड्युटीवर असतो, केसरीनाथ झोपतात. काल चंद्राबाई पाट घेऊन गॅलरीत आल्या आणि माझ्या पत्र्याला पाठ टेकून बसल्या. सून नसल्यानं त्यांना बोलायला कुणी नाही. बराच वेळ जप करत होत्या. मग माळ मांडीवर ठेवून म्हणाल्या, "तुला बी करमत न्हाय का रं?"

तुम्हाला मात्र एवढं सांगतो. लेकीला, भावाला, लांबच्या कुणालाही मायेनं काही पाठवाल, तेव्हा आधी तिथली हवा विचारा. आणि नुसती फोनवर विचारू नका, चार दिवस जाऊन राहा, त्यांच्याबरोबर घामाघूम व्हा. माया चुकत नाही हो, तिचं गाव चुकतं.

देव प्रत्येकाला त्याचा त्याचा महिना देवो. मला नाही मिळाला तरी चालेल. चंद्राबाई उद्याही पाट घेऊन आल्या, तरी मला पुरे आहे.