अल्विनच्या हाताचे माप

मला तीन भोके आहेत. दोन जवळजवळ आणि तिसरे जरा दूर. मित्रांनो, मी काळ्या रबराचा एक जुना बोलिंगचा चेंडू आहे. चेंडू म्हटले म्हणून मला झेलायला मात्र जाऊ नका, चांगला सोळा पौंडांचा, म्हणजे सात किलोंच्या वर आहे मी. सध्या बर्निसच्या स्वयंपाकघरात, दाराआड, एका घडी केलेल्या टॉवेलवर बसून असतो. ती मला नेमाने पुसते. माझ्यावर चरा नाही, धूळ नाही. इतका जपलेला चेंडू अमेरिकेतल्या या साऱ्या विस्कॉन्सिन राज्यात दुसरा नसेल. तरीही मी सुखी नाही. का, ते सांगतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मला एकही भोक नव्हते. साच्यात तापलेले रबर, मग घासून घासून आणलेली चकाकी, एवढेच काय ते माझे बालपण. बिनभोकांचा चेंडू कोणाचाच नसतो. त्याला धरता येत नाही, टाकता येत नाही, नुसते बघत बसायचे. मला खोक्यात घालून नदीकाठच्या एका गावी लॅम्बर्टकडे पाठवले. गावात एक कागदाची गिरणी होती, एक हातमोज्यांचा कारखाना होता आणि एका बिअरबारच्या मागे आठ लेनचा, म्हणजे चेंडू घरंगळवायच्या आठ लाकडी पट्ट्यांचा बोलिंग हॉल होता. त्या हॉलच्या दाराशी लॅम्बर्टचे दुकान होते. चेंडूंना भोके पाडणे हा त्याचा धंदा.

एक दिवस गिरणीतला अल्विन दुकानात आला. कागदाची रिळे ढकलून त्याचे हात फावड्याएवढे झाले होते.

"कुठलाही दे रे," तो म्हणाला. "माझ्या हाताला काय, काहीही चालतं."

"काहीही चालतं त्याला हॉलमधले भाड्याचे आहेत की," लॅम्बर्ट म्हणाला. "आख्ख्या गावाचे अंगठे त्यांच्यात जाऊन आलेत. तुला तोच पाहिजे असेल तर माझा वेळ कशाला खातोस?"

अल्विन हसला आणि त्याने हात पुढे केला. लॅम्बर्टने अंगठ्याची जाडी पाहिली, बोटांची पाहिली, पंजा ताणून पाहिला. अंगठा पुरता आत गेल्यावर मधल्या दोन बोटांची दुसरी पेरे भोकांच्या काठाशी यायला हवीत, असे त्याने समजावले. भोकांतले अंतर जास्त झाले की हात ताणला जातो, कमी झाले की मूठ आवळावी लागते. मग त्याने मला यंत्रात धरले आणि तीन भोके पाडली. अल्विनचा हात पहिल्यांदा माझ्यात आला तेव्हा मला कळले की आता मी कोणाचा तरी झालो.

सुरुवातीला अल्विन माझे हालच करायचा. गिरणीतला माणूस, सगळा जोर खांद्यात. धावत यायचा आणि मला फेकून द्यायचा. मी धाडकन लेनवर आदळायचो आणि बहुतेक वेळा कडेच्या पन्हळीतून निमूट मागे जायचो. लेनच्या टोकाला पाडण्यासाठी मांडलेल्या पिना दहाच्या दहा उभ्या.

"तुला फेकायला कोणी सांगितलंय?" लॅम्बर्ट ओरडायचा. "चेंडू जड आहे ना? मग काम त्याला करू दे की. हात दोरीसारखा सैल सोड. मागे जाईल, आपोआप पुढे येईल. अंगठा आधी निसटतो, मग बोटं. आणि पिनांकडे बघू नकोस, त्या कुठे पळून नाही जात. लेनवर रंगवलेल्या बाणाकडे बघ."

अल्विनला हे अंगवळणी पडायला एक आख्खा हिवाळा लागला. पण एकदा पडले ते पडले. मग तो मला सोडायचा तेव्हा काही आवाजच यायचा नाही. मी लेनच्या तेल लावलेल्या लाकडावरून सरकत जायचो, शेवटी जरासा डावीकडे वळायचो आणि पिनांच्या घोळक्यात शिरायचो. तो खडखडाट मी अजून विसरलेलो नाही. गुरुवारच्या पुरुषांच्या लीगमध्ये लोक हातातली बिअर खाली ठेवून आमच्याकडे बघत. ती माझी सुखाची वर्षे होती, मित्रांनो, आणि ती संपतील असे माझ्या डोक्यातही आले नव्हते.

अल्विन मला थंडीत कधी गाडीत ठेवायचा नाही. गारठ्याने रबर तडकते. घरी आला की मला याच स्वयंपाकघरात आणायचा, पुसायचा आणि टॉवेलवर ठेवायचा.

"माझे नाही कधी एवढे लाड केलेस," त्याची बायको बर्निस म्हणायची.

"तू कुठे तडकतेस?" तो म्हणायचा.

बर्निस हातमोज्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर होती. कातडी मोज्याचा अंगठा शिवणे हे तिचे काम, सगळ्यांत अवघड तेच. ती स्वतः मंगळवारी बायकांच्या लीगमध्ये खेळायची. तिचा चेंडू निळा, बारा पौंडांचा, लॅम्बर्टने तिच्या मापाने केलेला. चांगली खेळायची. अंगाने बारीक, पण हात असा सहज झुलायचा की मला त्या निळ्याचा हेवा वाटायचा.

पुढच्या एका जानेवारीत दारातला बर्फ काढताना अल्विन कोसळला आणि गेला.

कितीतरी दिवस मी टॉवेलवर तसाच होतो. बर्निस माझ्याजवळ यायची, खाली बसायची आणि अंगठ्याच्या भोकात बोट घालायची. आतून एका बाजूला रबर झिजून गुळगुळीत झाले होते. अल्विनच्या अंगठ्याने झिजले होते ते. तिथे बोट फिरवत ती बसून राहायची. मला बोलता येत असते तर मी तिला काहीतरी बोललो असतो.

मग एका मंगळवारी तिने निळ्याला कपाटात ठेवले आणि मला पिशवीत घातले.

हॉलमध्ये गेल्यावर तिने मला बाहेर काढले. तिने अंगठ्याच्या भोकात आतून चिकटपट्टीचे वेढे चिकटवले, तरी मी तिच्या हातात ढिलाच होतो. पडू नये म्हणून तिने मला आवळून धरले. आवळले की मनगट ताठते, मनगट ताठले की हात झुलत नाही. मी तिच्या हातून वाकडा सुटलो आणि दणकन आदळलो. पुढच्या वेळीही तेच. आठवड्यामागून आठवडे गेले आणि तिचा तो सहज झुलणारा हात कुठल्या कुठे गेला. खेळून झाल्यावर ती मनगट कोटाच्या खिशात दडवायची.

इर्मा तिच्या संघाची कप्तान. कारखान्यातही शेजारच्याच यंत्रावर बसायची. तिच्या जिभेला हाड नव्हते, पण माया होती.

"काय गं," ती एकदा म्हणाली, "उद्या एखादी पोरगी पुरुषाचा मोठा मोजा घालून कामावर आली तर तू काय करशील?"

"घरी पाठवीन."

"मग तू का आलीस?"

बर्निस मला पुसत राहिली.

इर्मा तिला ओढून लॅम्बर्टकडे घेऊन गेली. लॅम्बर्टने तिचे मनगट हातात घेतले, अंगठ्याचे मूळ दाबले, तशी ती कळवळली.

"सुजलंय हे," तो म्हणाला. "बर्निस, ऐक. ही भोकं मी बुजवतो आणि तुझ्या मापाची नवी पाडतो. चेंडू तोच राहील. जड आहेच, पण निदान हातात तरी बसेल."

"आणि आतली झीज?"

लॅम्बर्टने अंगठ्याच्या भोकात बोट घालून पाहिले.

"ती जाईल ना?" तिने विचारले. "मग मला दगड हातात घेतल्यासारखंच."

"मग ह्याला घरी ठेव आणि निळा घेऊन ये. अल्विनची आठवण काढायची तर घरी काढ. लेनवर कशाला?"

"घरी कुठे असायचा तो? गिरणीत नाहीतर इथे. गिरणीत मला कोण सोडणारे?"

लॅम्बर्टने ड्रिलवरचा भुसा झटकला. त्या क्षणी त्याने मला हिसकावून घेतले असते तर किती बरे झाले असते. मी यंत्रात आनंदाने गेलो असतो. पण वस्तूला कोणी विचारत नाही, आणि विधवेच्या हातातून तिच्या नवऱ्याची वस्तू कोणी हिसकावून घेत नाही. लॅम्बर्ट भला माणूस होता, म्हणूनच त्याने ते केले नाही.

वसंतात लीगचा शेवटचा सामना आला.

"आजच्या दिवस निळा काढ," इर्मा म्हणाली. "हरलो तरी चालेल गं. तुझा हात बघवत नाही मला."

"आजच तर हा हवा," बर्निस म्हणाली.

पट्टीचे वेढे नेहमीएवढेच होते, पण त्या दिवशी अंगठा जास्त सुजला होता. एरवी ढिला राहणारा अंगठा आज भोकात घट्ट बसला. तिला ते बरेच वाटले असावे. पहिल्यांदाच तिने मला आवळले नाही. हात मागे गेला, पुढे आला, अगदी झुलत आला. मला वाटले, जुनी बर्निस परत आली. आणि मी निघालो, पण तिचा अंगठा निघाला नाही. सोळा पौंड पुढे धावले आणि तिच्या अंगठ्याला ओढत घेऊन गेले. ती लेनच्या सुरुवातीच्या रेघेपलीकडे, लाकडावरच्या तेलात आपटली. मी थोडा घरंगळलो आणि पन्हळीत पडलो. हॉलमध्ये कोणीतरी किंचाळले. ती बर्निस नव्हती. ती इर्मा होती.

अंगठ्याच्या मुळाशी आतले काहीतरी तुटले होते. प्लास्टर चढले, उतरले. सांधा गाठीसारखा जाड राहिला. कारखान्याने तिला शिवणयंत्रावरून काढून खोकी भरायला बसवले, कारण कातडे सुईखाली सरकवायला अंगठा लागतो. तिच्या जागेवर आता दुसरी बाई अंगठे शिवते. मंगळवारच्या संघातही दुसरी बाई आली. निळा चेंडू बर्निसने तिला देऊन टाकला. म्हणजे त्याची भोके बुजली असतील, नवी पडली असतील आणि तो कोणाच्या तरी हातात झुलत असेल. मी मात्र आहे तसाच आहे.

गेल्या शुक्रवारी इर्मा तळलेले मासे घेऊन आली होती. ती टेबलाशी बटाटे सोलत बसली होती. मला पुसता पुसता बर्निसने सहज हात माझ्यात घातला आणि थांबली.

"इर्मा, इकडे बघ."

"काय आता?"

"अंगठा. पट्टी नाही, काही नाही. बघ कसा नीट बसलाय."

इर्मा उठून आली. तिने पाहिले. बर्निसचा तो गाठाळलेला अंगठा अल्विनच्या भोकात कडेकडेपर्यंत भरला होता. जिथे रबर झिजले होते तिथेच तो टेकला होता.

"उचल बरं," इर्मा हळूच म्हणाली.

बर्निसने जोर लावला. अंगठा बसला होता, पण त्यात ताकद उरली नव्हती; मी टॉवेलवरून हललोसुद्धा नाही. इर्माने तिचा हात माझ्यातून सोडवला आणि ती तो हात आपल्या हातात धरून बसली. मासे गार झाले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना बोलायला मिळाले की आम्ही एकच मागणे मागतो, आम्हाला जपा म्हणून. माझे मागणे निराळे आहे. मला पुष्कळ जपले, आता पुरे. तुम्ही खेळायला जाल तेव्हा चेंडू तुमच्या हाताच्या मापाचा घ्या. तो दुसऱ्या कोणाचा असेल, कितीही लाडक्या माणसाचा असेल, तर आधी त्याची भोके बुजवून घ्या. त्याला दुखत नाही. मला तर मुळीच दुखले नसते.