उजवी कळी

त्या मंगळवारी माझ्या दांड्यावर कुंडलिक मास्तरांचे धोतर वाळत होते. शाळा भैरवनाथाच्या देवळातच भरे, आणि मी तिथल्या मंडपात दोन खुंट्यांवर टांगलेली असे. मुले पाढे म्हणत होती. मास्तरांची मुलगी बना, सासर तुटून माहेरी आलेली, कोपऱ्यात बसून फाटक्या पुस्तकांना पिठाच्या खळीने कागद डकवत होती. शाळेतली सगळी पुस्तके तिने दोनदा वाचली होती.

मित्रांनो, मी एक डोली आहे. कळकाचा दांडा आणि काथ्याची झोळी. सोनबा गुरवाने मला १९२६ साली बांधले. हिरडस मावळातल्या आमच्या वाडीला गाडीवाट नव्हती, म्हणून आजारी माणसाला मीच भोरच्या दवाखान्यात न्यायची. गेनूचा मोडका पाय मी नेला, आणि तो चालत परत आला. वाडीने तेव्हा माझे कौतुक केले. पण पुढे बनाची आई वाटेतच, माझ्या झोळीत गेली. तेव्हापासून बना माझ्याकडे सरळ पाहत नसे.

बुधवारी मास्तरांच्या पोटात कळ उठली. गुरुवारी मला खाली काढले. पण देवाला विचारल्याशिवाय मला उचलायचे नाही, ही वाडीची रीत. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या लावी. उजवी आधी पडली तर न्यायचे, डावी पडली तर राहायचे.

मास्तर म्हणाले, "देवावर भार हाय. त्यो सांगंल तसं करा."

सोनबाने कळ्या लावल्या आणि तो माणसांना बोलवायला पायरीवर गेला. दिव्याची वात सारायला म्हणून बना आत गेली. तिने उजवी कळी काढली, तिला खळ लावली आणि पुन्हा दाबून बसवली. मी पाहिले. पाहण्यापलीकडे मला काय करता येणार होते?

डावी पडली. मास्तर राहिले, आणि शुक्रवारी दुपारी गेले.

मग कुजबुज सुरू झाली. गुरव डावीकडे उभा होता, असे धोंडाबाई म्हणाली. मास्तरांनी त्याला चारचौघांत टोकले होते, त्याचा डूख त्याने धरला, असे दुसरे कोणी म्हणाले. शेवटी कौल लावताना सोनबाने तोंडाला फडके बांधावे, म्हणजे फुंकर मारता येणार नाही, असे ठरले. तो मुकाट्याने बांधू लागला. बना ते बघे आणि पुस्तकात मान घाली. लोक माझ्याखालून जायचेही टाळत. उंदरांनी माझा काथ्या कुरतडला. अपशकुनी मीच तर नाही ना, असा मलाही माझा संशय येऊ लागला.

दोन वर्षांनी गेनूची बायको फुलाबाई बाळंतपणात अडली. दुसरा दिवस उजाडला तरी सुटका होईना. माझा काथ्या घाईघाईने सांधला. सोनबाने तोंडाला फडके बांधून कौल लावला. उजवी पडली.

तरी कोणी हलेना. धोंडाबाई म्हणाली, "त्या येळंला डावी पाडली, आता उजवी पाडली आसंल. फडक्यातनं बी वारं जातंच की."

गेनू माझ्या दांड्याला हात लावून उभा राहिला. घरातून फुलाबाईचे कण्हणे ऐकू येत होते.

मित्रांनो, माझा काथ्या वर्षातून एकदा तरी तपासत जा. आणि देवाला विचारायचे असेल, तर तो देईल ते उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारा. आपलेच उत्तर त्याच्या खांद्यावर चिकटवू नका.

बना पुढे आली. तिने सोनबाच्या तोंडावरचे फडके सोडले. बोलली ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी, पण पाहत होती त्याच्याकडेच.

"सोनबाकाका, बाबांच्या येळंला उजवी कळी मी खळीनं चिकटवली हुती. आई डोलीत गेली, म्हणून त्यांना न्हेऊ द्यायचं नव्हतं. बाबांचा देवावर भरवसा हुता. माझा न्हवता, आन् बोलणी तुमी खाल्लीत. गेनूदादा, दांडा उचला."